पाण्याचं कार्ड

सांगा आता, ओल्या पऱ्हाटीचा गॅस केला अन् त्यात वाफेचा पत्ता नाही! असं उत्तर त्या कॉम्प्युटरनं मले देलं होतं, अन् माह्या डोक्शाचा पार भुगा झाला होता.

मी वाशिमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवो. कापूस वेचल्यावर वावरात पऱ्हाटी उरते, ते जाळली तं कोनता गॅस किती निंगते, हे माह्या पीएचडीचं काम. हातानं गणित करतो म्हटलं तं जलम पुरत नाही, म्हून नागपूरचा कॉम्प्युटर. एका पदार्थाचं एक कार्ड. त्याची उष्णता, एन्ट्रॉपी, सारे आकडे कार्डावर छिद्रं पाडून. तो डबा काखेत घेऊन मी येष्टीनं हिंडो. अन् मशीन असं अडेलतट्टू, की जेवढे कार्ड देले तेवढंच जग समजे. एखादं कमी असलं तं इचारतही नाही!

कॉम्प्युटरवरच्या माह्या मागच्या पाळीले ते बिनवाफेचं उत्तर आलं. मी सारे फॉर्म्युले तपासले, ऑपरेटर दौलतसिंगसंग भांडलो. तो म्हणे, "सर, मशीन कधी खोटं बोलते काय?" आग लागो त्या मशीनले! आता पुढची पाळी शेवटची होती. गाईडसाहेब महिनाअखेर रिटायर होनार, मंग माह्या थेसिसले कोन पुसते?

नागपूरले जाता जाता कामरगावले घरी उतरलो. सकाळी येष्टीले टाइम होता म्हून कार्डं लावाले बसलो, तं पाण्याचंच कार्ड नाही! म्हंजे इतके दिवस मी आकड्यायसंग झोंबून राह्यलो होतो, अन् डब्यात पाणीच नव्हतं.

माही माय, पंचफुला, बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून राह्यली होती. फोटोले टेकून माहं कार्ड उभं. वरून मेण सांडेल होतं.

"माय! हे काहून घेतलं वं?"

"मागच्या खेपी घेतलं. तू परीक्षेले जाय तवा तुहा पेन ठेवत होती ना मी वंदनेले? आता डबा हाये. अख्खा डबा फळीवर मावत नाही, म्हून एकच ठेवलं. तुह्या कामाले यश यावं म्हून."

"यश? वाटोळं झालं माहं याच्यापायी!"

मी कार्ड ओढलं अन् त्या जागी एक कोरं टेकवलं. तिनं त्याच्यावरून बोट फिरवलं.

"याले छिद्रं नाहीत. तुही मेहनतच नाही याच्यावर. मले येडी समजतं काय?"

तेवढ्यात येष्टीचा हॉर्न वाजला. मी चिडतच पळालो.

मेणाचं कार्ड मशीन घेत नाही, पन त्याच्यावरून नागपूरले नवं कार्ड पाडाले चहा पिवाइतकाही टाइम लागला नाही. उत्तर आलं, वाफेसकट. दौलतसिंगनं पाठ थोपटली. मले मातर खुशीच्या आधी संतापच आला.

परतताना घरी गेलो अन् मेणाचं कार्ड मायपुढं धरलं. "घे, ठेव. मशीनले आता हे लागत नाही."

"काय लिहेल हाये याच्यावर?"

"पाणी."

माय कार्डाकडं पाहतच राह्यली. "आमच्या टायमाले आपल्या लोकायले गावच्या हिरीले हात लावू देत नव्हते. कोनी वरून ओतलं तं ओंजळ भरे." मंग मले इचारलं, "अन् तुह्या एवढ्या मोठ्या मशीनचं याच्याबिगर अडलं होतं?"

"हो माय. अडलं होतं."

तिनं कार्ड पदरानं पुसलं अन् फोटोजवळ ठेवलं.