उंदरानं खाल्लेलं लग्न

ताराचंद व्हिडिओवाल्याच्या उंदराचा किस्सा ज्यानं ऐकला नाई, तो कारंज्याचा नाई, असं खुशाल समजा. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी बस स्टँडच्या चहाटपरीवर कोणी ना कोणी म्हणतेच, "तारूभाऊ, होऊन जाऊ द्या उंदीर!"

मंग ताराचंद बशी खाली ठेवे अन् सुरू होये. केळझरच्या गणपतीचा उंदीर म्हणे सुटीवर निघाला. हिंडत हिंडत कारंज्याले आला अन् ताराचंदच्या दुकानात घुसला. तिथं टीव्हीवर कमलाबाईच्या मयुरीच्या लग्नाची कॅसेट लागलेली. उंदीर मांडी घालून बसला. सारं लग्न पाह्यलं. पंगत आली, बुंदी वाढून राह्यले, अन् याले कोणी विचारेच ना! "मले काऊन नाई वाढत बे?" म्हणून असा भडकला, असा भडकला, का मशीनमंधी घुसून तीन तासाचं लग्न सुपारीवानी कटाकटा खाऊन टाकलं. मिशा पुसल्या, ढेकर देल्ला, अन् नागपूरच्या यष्टीत हाफ तिकीट काढून चालला गेला!

लोकाइचा हसता हसता चहा सांडे. कमलाबाई सामोरून जात असली तं तीबी थांबे, पदर तोंडाले लावून हसे. लोक म्हणत, बाई मोठ्या मनाची.

खरं काय ते एकट्या ताराचंदले माईत होतं. शहाण्णव साली एकाच हप्त्यात दोन लग्नं आली. सोमवारी मयुरीचं, विहाराच्या अंगणात. गुरुवारी आदेशचं. आदेश म्हणजे ऐंशी एकरवाल्या अण्णाजीचा पोरगा. यष्टीचा संप, नागपूरहून कोरी कॅसेट येईना. दुकानात फक्त मयुरीची भरलेली. ताराचंदनं पाच मिनिटं विचार केला, पाचबी नसतील, अन् तिच्यावरच आदेशचं लग्न भरलं. अण्णाजीले नाई म्हणाची कोणाची छाती? अन् कमलाबाई ओरडून ओरडून किती ओरडन?

कमलाबाई ओरडलीच नाई. सात खेपा आली. चपला काढून दाराशीच उभी राहे अन् म्हणे, "झाली का भाऊ कॅसेट?" आठव्या खेपेले ताराचंदनं उंदीर काढला.

वर्षभरात मयुरी बाळंतपणात गेली. मायजवळ राह्यला तो दहावीच्या फॉर्मवरचा एक बोटभर फोटो. उंदीर मातर जगला, वाढला, गावभर फिरला.

मंग मोबाईल आले. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा. ताराचंदच्या दुकानावर कोणी थुंकालेबी येईना. गिऱ्हाइकाले नक्कल देऊन दुकानात राह्यलेल्या मूळ कॅसेटी भंगारात चालल्या होत्या तं पोरगी आकांक्षा पुण्याहून आली अन् म्हणाली, "थांबा बाबा. आपण टॉकीज काढू."

टॉकीज कुठं? तं कॉम्प्युटरातल्या गावात. तिथं म्हणे आपली जागा घ्याची, घर बांधाचं, अन् माणसं घरी खुर्चीत बसल्या बसल्या बाहुले होऊन त्या गावात हिंडतात. बोलतात आपल्याच आवाजात. सारं गाव बिनापावसाचं, बिनाचिखलाचं.

नागपूरच्या दुकानातून कॅसेटी कॉम्प्युटरात उतरवून आणल्या. आकांक्षानं समजावलं, "व्हिडिओ काही टॉकीजमंधी राहत नाई. तो राहते दूर, इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या जागेत. आपण पडद्याले फक्त त्याचा पत्ता द्याचा. तुम्ही चालू केला का बसलेल्या सगळ्याइले एकाच टायमाले दिसते."

"अन् बंद?"

"बंदबी तुम्हीच करू शकता. दुसरं कोणी नाई."

"म्हणजे मशीन माह्याच हाती," ताराचंद खुश झाला.

त्याच्या बाहुल्याले काळा कोट अन् भरघोस मिशा लावल्या. हात जोडाची कळ ताराचंदले सापडली, सोडाची काही सापडली नाई. म्हणून बाहुला सदा हात जोडून उभा. लोक म्हणत, काका किती नम्र!

दर रविवारी दुपारी पुण्याचे, दुबईचे, कारंज्याचे बाहुले ओळीनं बसत. "मामाची बेलबॉटम पाहा रे!" "आजी चालून राह्यली पाहा, आजी!" अन् शेवटी कोणीतरी म्हणेच, "काका, तुम्ही नसते तं हे सारं गेलं असतं." या एका वाक्यावर ताराचंद पुढचे सहा दिवस काढे. वीस वर्षं ज्याले कोणी विचारलं नाई, त्याले पुन्हा इज्जत आलती. आता ती जाऊ द्याची त्याची तयारी नव्हती.

एका रविवारी दुबईहून आदेशनं फर्माईश केली, "काका, आपलं लग्न लावा." ताराचंदनं लावलं. नागपूरहून आल्यावर त्यानं फक्त सुरुवात पाह्यलीती. कॅसेटच्या शेपटाले काय आहे, हे कोण पाहत बसते?

घोडा आला, बँड आला, अण्णाजीचा फेटा आला. बिदाईले नवरी रडली तशे बाहुलेबी रडले. टाळ्या झाल्या. ताराचंद दोन शब्द बोलाले उभा राह्यला. मागं पडद्यावर मुंग्या चालू होत्या.

आदेशचं लग्न तीन तासाले दोन मिनिटं कमी होतं. तेवढं शेपूट पुसाचं राह्यलंतं.

मुंग्या गेल्या. पांढरी साडी दिसली. बुद्धाच्या मूर्तीसमोर मयुरी उभी. हातात मेणबत्ती, विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. कमलाबाई, केस काळेभोर, पोरीच्या वेणीत फूल खोचून राह्यली. मयुरी मायच्या कानाशी काहीतरी बोलली, दोघी हसल्या.

"ही कोण बे माह्या लग्नात?" आदेश म्हणाला.

"ती तुमच्या लग्नात नाई, आदेशभाऊ," मागच्या ओळीतून आवाज आला. मयुरीचा लहान भाऊ अश्वजित तिथं बसलाय, हे ताराचंदच्या ध्यानातच नव्हतं. "तुमचं लग्न तिच्या लग्नावर भरलं आहे. काऊन काका? हे तं उंदरानं खाल्लंतं ना?"

मंग अश्वजितच्याच बाहुल्यातून म्हातारा आवाज निघाला. माय घरी त्याच्या बाजूलेच बसलेली. "बंद नको करू भाऊ. चालू राहू दे."

ताराचंदनं बंद केलं.

पडदा काळा झाला. एकेक बाहुला उठला, गायब झाला. अर्ध्या मिनिटात रिकाम्या खुर्च्याइसमोर एकटा मिशावाला, हात जोडून.

आकांक्षाचा फोन आला. "काऊन बंद केलं?"

"हात लागला."

"बाबा, मलेबी उंदीरच सांगता?"

तिनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तेवढे दोन मिनिटं कापून त्याच्या मोबाईलवर पाठवले. खाली लिहिलं, तुम्हीच नेऊन द्या.

ताराचंद गेला. चपला काढून दाराशीच उभा राह्यला. "या" म्हणाले कमलाबाईनं वेळ लावला.

मोबाईल तिनं डोळ्याशी धरला. तीनदा पाह्यलं.

"एवढंच?"

"एवढंच वाचलं, बाई."

"कानात काय म्हणाली ते ऐकू येत नाई."

"लाउडस्पीकर होता बाजूले. तुम्हाले आठवत असन ना?"

"नाई आठवत," कमलाबाई म्हणाली. "कॅसेटमंधी आहे, पाहू पुढं, असं वाटलंतं तवा."

ताराचंदनं हात जोडले. तिनं त्या हाताकडं पाह्यलंबी नाई, आतल्या खोलीकडं हाक मारली, "या रे पोट्टेहो! हे तारूभाऊ. उंदराचा लय मस्त किस्सा सांगतात."

अश्वजितचे दोघं लेकरं येऊन मांडी घालून बसले.

"राहू द्या बाई," ताराचंद म्हणाला.

"काऊन? टपरीवर तं माह्या तोंडावर सांगे तू. सांग. मुळापासून."

ताराचंदनं सांगतलं. केळझर, सुटी, पंगत, बुंदी. पोट्टे एकदा त्याच्याकडं, एकदा आजीकडं पाहत. कोणी हसलं नाई.

"...अन् यष्टीत बसून चालला गेला," त्यानं संपवलं अन् उठाले लागला.

"मिशा पुसाचं राह्यलं," कमलाबाई म्हणाली. "खाली बस. पुन्हा सांग."