लेखनिकाला विषय येता कामा नये

मी ते लिहून बसले आणि माझा उजवा हात मला परक्या बाईचा वाटायला लागला.

माझी नणंद तर्कशास्त्राच्या पेपराला बसली होती. घरात तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, कारण ती लहानपणापासून सगळ्यांच्या चुका काढते. वय त्रेचाळीस. चार वर्षांपूर्वी तिची नजर गेली. शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. पुस्तकं हाताला लागायची, नावं दिसायची नाहीत. शाळेनं सांगितलं, पदवी आणा, वर्गावर शिकवायला घेतो. नाहीतर पुढच्या सत्रापासून घरी बसा. बाकी सगळे विषय सुटले होते. हा एकच दोनदा राहिला होता आणि तिसऱ्यांदा राहिला तर पुन्हा बसू देणार नव्हते.

ती बोलणार, मी लिहिणार. लेखनिकासाठी एक नियम ठळक अक्षरांत छापलेला होता: लेखनिकाला विषय येता कामा नये. मी नववीत शाळा सोडलेली, घरी बसून कपडे शिवणारी. परीक्षा विभागाच्या खिडकीवरच्या बाईंनी माझा अर्ज वाचून इतक्या खुशीत शिक्का मारला, की मला जरा लागलंच.

पण वर्षभर तर्कशास्त्राचं पुस्तक तिला वाचून कोण दाखवत होतं? मीच. शिलाई मशीनला टेकवून पान लावायचं, एक ओळ वाचायची, एक टीप घालायची. सुरुवातीला सगळं डोक्यावरून जायचं. दोन विधानं, त्यांतून निघणारा निष्कर्ष, तिन्ही मिळून एक संवाक्य. दोन्ही विधानांत येतं आणि निष्कर्षातून गायब होतं ते मध्यपद. ते निदान एकदा तरी व्याप्त हवं, म्हणजे त्याच्यातल्या झाडून सगळ्यांबद्दल काहीतरी म्हटलेलं हवं.

"नाहीतर काय बिघडतं?" मी विचारलं होतं.

"तूच सांग. चादरीच्या एका टोकाला एक ठिगळ लावलं, दुसऱ्या टोकाला दुसरं. ठिगळं एकमेकांना शिवली गेली का?"

"नाही."

"झालं. मध्यपद म्हणजे तुझी चादर."

त्या दिवशी मला जे समजलं ते पुन्हा काही विसरता आलं नाही. हे काही नियमात बसणारं नव्हतं. पण अर्जात 'अजून तरी येत नाही ना?' असा रकाना नव्हता, आणि मीही तोंड उघडलं नाही.

परीक्षेच्या खोलीत आम्ही तिघीच. पर्यवेक्षिका दाराशी खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. मास्तरीण ताठ बसून सांगत होती, मी लिहीत होते. दीड तास कसा झकास गेला. मग सहावा प्रश्न आला. मी वाचला: "सर्व पक्षी पंख असलेले प्राणी आहेत. सर्व गरुड पंख असलेले प्राणी आहेत. म्हणून सर्व गरुड पक्षी आहेत. हे संवाक्य वैध आहे का? कारण द्या. गुण चार."

"वैध," ती म्हणाली. "विधानं खरी, निष्कर्ष खरा. पुढचा."

अगं बाई, गरुडाच्या जागी वटवाघूळ घाल! हे तूच मला शिकवलंस, मी बाह्या जोडत असताना, हसत हसत. पंख दोघांना आहेत. म्हणून वटवाघूळ पक्षी होतं का? निष्कर्ष खरा असला म्हणून तो त्या विधानांतून निघतोच असं नाही. दमली होती बिचारी. घशाला कोरड पडली होती तिच्या.

आणि मी लिहिलं: "अवैध. मध्यपद 'पंख असलेले प्राणी' हे दोन्ही विधानांत अव्याप्त आहे, त्यामुळे निष्कर्ष निघत नाही."

आयुष्यात कुणाच्या कापडातला वीतभर तुकडा मी ठेवून घेतलेला नाही. आणि हे केलं! पर्यवेक्षिका जांभई देत होत्या.

मास्तरीण मान किंचित वाकडी करून म्हणाली, "लिहून झालं?"

"हो."

"बरंच लिहिलंस."

टेबल पोकळ लाकडाचं होतं. माझं बॉलपेन त्यावर उंदरासारखं खुडबुडत दोन ओळी धावलं होतं. तिनं सांगितला होता एक शब्द आणि एक टीचभर वाक्य.

"पुढचा वाच," ती म्हणाली. आवाज पार बदललेला.

मी वाचला. पहिल्या आकृतीतलं, म्हणजे मध्यपदाच्या पहिल्या मांडणीतलं, नकारात्मक निष्कर्षाचं एक वैध संवाक्य स्वतः रचा.

"घे लिहून. विषय येणारी कोणतीही व्यक्ती लेखनिक होऊ शकत नाही."

पेन थांबलं.

"लिही. माझी वहिनी विषय येणारी व्यक्ती आहे. म्हणून माझी वहिनी लेखनिक होऊ शकत नाही."

पर्यवेक्षिकांचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. "काय चाललंय तिथे?"

"उदाहरण देतेय, मॅडम. प्रश्नात मागितलंय."

"अहो, मग पुस्तकातलं द्या ना एखादं! घरातलं कशाला?"

"स्वतः रचा असं म्हटलंय. वैध आहे की नाही, विचारा कुणालाही."

मी ते लिहिलं. अक्षर न अक्षर. हे तपासणाऱ्यानं मनावर घेतलं तर अख्खा पेपर रद्द. मग वर जाऊन त्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली तिनं सांगितलं होतं तेच लिहिलं: वैध. विधानं खरी, निष्कर्ष खरा. ते शब्द चूक आहेत हे माहीत असताना लिहिताना बोटं दुखली.

"खोडलंस?" ती पुटपुटली.

"खोडलं. पण आता तुला कळलंय ना ते चुकलंय? बदल की."

"कळलं ते तुझ्या पेनामुळे. माझं नाही ते."

"फक्त लिहायचं, बोलायचं नाही!" पर्यवेक्षिका ओरडल्या.

बाहेर व्हरांड्यात तिनं नेहमीसारखा माझा दंड धरला नाही. भिंतीला हात लावत पुढे गेली. जिन्याशी थांबून म्हणाली, "डोळे गेले तेव्हा झाले नव्हते इतकी आंधळी तू मला आज केलंस. आता तू काहीही वाचून दाखवलंस तरी मी विचार करणार, हेच लिहिलंय ना?"

मी तिच्या मागून, दोन पायऱ्या सोडून जिना उतरले.

दीड महिन्यानं निकालाचं पाकीट आलं. मी हात पुसून उठेपर्यंत तिनं ते घेतलं, काठी उचलली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. आमच्याच घरातलं पत्र परक्या माणसाकडून वाचून घ्यायला. मी दारात नुसती उभी राहिले. कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं वाटलं नसतं.

ती आली. फोडलेलं पाकीट माझ्या मशीनवर ठेवलं.

"वाच."

"दुकानदारानं काय सांगितलं?"

"ते असू दे. तू वाच."

कागद उलगडला. आधी आकडा दिसला, आणि पास व्हायला चाळीस लागतात एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

"एक्केचाळीस," मी म्हणाले.

वही तपासल्यासारखं ती म्हणाली, "बरोबर."

आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली.