छायाचित्र: बायको

"आता सगळ्यांनी आपापले फोन काढा," यी-चुन माइकवर म्हणाली, "आणि पुस्तकाच्या मागचा क्यूआर कोडचा चौकोन टिपा. आमचा ब्लॉग उघडेल. च्येन सर आत्ता, तुमच्यासमोर, नवा लेख टाकणार आहेत."

च्यायी शहराच्या वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. लोकांनी फोन वर केले, मग खाली घेतले, डोळ्यांजवळ नेले आणि परत वर केले.

"माझं उघडत नाही."

"माझंही नाही. असा पत्ताच सापडत नाही म्हणतंय."

"इथलं वायफाय भंगार आहे हो, नेहमीचंच."

व्यासपीठावर च्येन सर, म्हणजे वन-लुंग, हसरा चेहरा करून उभा होता. वर्गात मुलांनी गोंधळ घातला की तो असाच हसत उभा राहायचा, गोंधळ आपोआप थांबेल या आशेवर. यी-चुन म्हणजे त्याची नवी बायको. जुनी, म्हणजे पाओ-चू, शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं ठेवणीतलं निळं जाकीट घातलं होतं आणि सकाळी जाऊन केस सेट करून घेतले होते. तिला इतकं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

हा उद्योग तिचाच होता. दुपारी समोरच्या टपरीवर टर्की-भात खाताना तिनं फोनवर आपल्या खात्यात जाऊन त्या चौकोनामागचा इंटरनेटवरचा छोटा पत्ता ब्लॉगपासून तोडून टाकला होता. भात संपायच्या आत काम झालं. मग तिनं सूपही मागवलं.

ब्लॉगचं नाव 'जुनी झाडं'. वन-लुंग शाळेत भूगोल शिकवायचा. दर रविवारी तो आणि पाओ-चू स्कूटरवरून कुठल्यातरी गावी जायची, देवळापाशी, ओढ्याकाठी, जिथं एखादं म्हातारं झाड असेल तिथं. बुंध्याला टेप लावायची ती, फोटो काढायचे तिनं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारून घरी आल्यावर लिहायचं त्यानं. खातं तिनं उघडलं होतं. पासवर्ड तिच्याकडे, वाचकांच्या प्रतिक्रिया तपासून मंजूर करणं तिच्याकडे. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिनं ब्लॉगसाठी छोटा, लक्षात राहील असा पत्ता विकत घेतला. घेतला स्वतःच्या नावावर, कारण असल्या कामात वन-लुंगला जांभया यायच्या. मग ती दरवर्षी त्याचं नूतनीकरण करत राहिली.

प्रत्येक लेखाच्या खाली एक ओळ असायची. 'छायाचित्र: बायको'. ती ओळ पाओ-चूच टाइप करायची. स्वतःचं नाव घालावं असं तिच्या कधी मनातही आलं नाही. बायको म्हटल्यावर सगळं आलंच की.

यी-चुनची पहिली प्रतिक्रियाही तिनंच मंजूर केली होती. 'सर, तुमचे लेख वाचताना सावलीत बसल्यासारखं वाटतं.' बाई छान लिहिते, असं तिनं कौतुकानं वन-लुंगला वाचून दाखवलं होतं. नंतर सावली फारच लांबली. घटस्फोट झाला. नागरी नोंदणीच्या कार्यालयात दोन साक्षीदार आणून सह्या केल्या, पंख्यापासून पातेल्यांपर्यंत वाटण्या झाल्या. आठवड्याभरानं यी-चुनचा फोन आला.

"पाओ-चू ताई, रागावू नका हं. ब्लॉगचा पासवर्ड द्याल का? यांचं लिखाण अडलंय."

पाओ-चूनं दिला. संध्याकाळी तिनं ब्लॉग चालवणारी म्हणून स्वतःचं नाव शोधलं, तर ते काढून टाकलेलं. पासवर्ड बदललेला. घराला नवं कुलूप लावावं तसं यी-चुननं सगळं नीट केलं होतं. फक्त पत्ता वेगळ्या कंपनीत, वेगळ्या खात्यात, जुन्या बायकोच्या नावावर आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. चालू असलेल्या गोष्टीची कुणाला आठवण येते?

इथपर्यंत पाओ-चूनं गिळलं होतं. ती एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते, माणसं काय काय गिळतात ते तिला रोज दिसतं. पण वसंतात एका पेशंट बाईनं खिडकीतून वर्तमानपत्राचं पान आत सरकवलं.

"बघा तरी. याला म्हणतात संसार. नवरा झाडांवर लिहितो आणि बायको वर्षानुवर्षं फोटो काढते. आता पुस्तक येतंय त्यांचं."

पानावर वन-लुंग आणि यी-चुन एका वडाखाली उभे होते. खाली छापलं होतं की प्रत्येक लेखाखाली सही केल्यासारखी दिसणारी 'बायको' ती हीच. आणि मुलाखतीत वन-लुंग म्हणत होता, "तिच्याशिवाय हे झालं नसतं."

पाओ-चूनं ते पान दोनदा वाचलं आणि परत केलं. यी-चुननं चोरी केली असती, ओळ पुसून स्वतःचं नाव घातलं असतं, तरी एक वेळ परवडलं असतं. हिनं काहीच केलं नव्हतं. ही नुसती त्या शब्दावर जाऊन बसली होती, आणि तो शेजारी हसत उभा राहिला होता. पुढच्या माणसाचा नंबर तिनं चुकीचा पुकारला.

त्याच दिवशी तिनं ठरवलं. पुस्तक छापू दे, मागे पत्ता छापू दे, लोक जमू देत. मग बघू.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी यी-चुनचा फोन आलाच.

"पाओ-चू ताई, तो पत्ता तुमच्याकडे आहे म्हणे. चुकून काही दाबलं गेलं का हो?"

"नाही. नीट चष्मा लावून दाबलं."

"अहो, पण ब्लॉग चालूच आहे, जुन्या लांब पत्त्यावर. मी रात्रीच सुरू केला. नुकसान काहीच नाही, उगाच वाचकांना त्रास."

"मग तो लांब पत्ता छापा की पुस्तकावर."

"पुस्तकं छापून झालीयेत, ताई."

"अरेरे," पाओ-चू म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर यी-चुननं अननसाच्या केकचा मोठा खोका पाठवला. पाओ-चूनं तो दवाखान्यात वाटून टाकला. स्वतः एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. केक चांगला होता असं नर्स म्हणाली.

मंगळवारी खिडकीपुढं वन-लुंगची आई उभी. काठी, आरोग्य कार्ड आणि काखेत टॅब्लेट, ज्याला म्हातारी पाटी म्हणते. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांना ती इथंच येते. घटस्फोट मुलाचा झाला, माझा नाही, असं तिनं पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकलं होतं.

"माझ्या पाटीवर झाडं दिसत नाहीत," ती म्हणाली. "तू केलंस?"

मागं रांग होती. रांगेचे कान टवकारले.

"हो आई. मीच."

"बरं केलंस. नववर्षाला तोंड दाखवून गेला तो गेलाच होता. काल दोनदा आला घरी. तुझं नवं घर कुठंय म्हणून विचारत होता."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला काय ठाऊक. दवाखान्यात जा आणि रांगेत नंबर घे." म्हातारीनं कार्ड पुढं सरकवलं. "उगाच लवकर जोडून देऊ नकोस. आणखी दोनदा येऊ दे त्याला."

गुरुवारी वन-लुंगनं खरोखरच नंबर घेतला. पाओ-चूनं तो बराच वेळ पुकारला नाही. नंतर आलेली दोन पोरं, एक गरोदर बाई आणि एक पाय मुरगळलेला पोस्टमन आत जाऊन आले.

"च्येन वन-लुंग. कार्ड."

"मी आजारी नाहीये."

"मग बाजूला व्हा. मागं लोक आहेत."

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर तो बाहेरच्या बाकावर बसलेला होता. कोहळ्याच्या चहाचे दोन गार ग्लास त्यानं आणून ठेवले होते. एक त्यानं पुढं केला. तिनं घेतला नाही, पण बसली.

"तुला काय हवंय, पाओ-चू?"

"पेपरवाल्याला तू का सांगितलं नाहीस?"

"ती शेजारी उभी होती. त्या वेळी ते कसं दिसलं असतं?"

"खरं दिसलं असतं."

त्यानं मान खाली घातली. हे त्याला जमतं. लग्नात तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं तिला नेहमी वाटायचं. तो भांडायचा नाही, मान खाली घालायचा, आणि आपणच कजाग ठरायचो.

"प्रत्येक लेखाखालून 'बायको' काढ," ती म्हणाली. "तिथं माझं नाव घाल. आडनावासकट. श्यू पाओ-चू."

"बरं. यी-चुनला सांगतो, ती पटापट करेल."

"तिनं हात लावायचा नाही. तू करायचंस. एकेक लेख उघडून."

"अगं, तीनशेच्या वर आहेत."

"हो ना. तेवढे रविवार होते ते."

"हा सूड आहे, पाओ-चू."

"मग तुला काय वाटलं? झालं की सांग. एकही राहता कामा नये. मग पत्ता जोडते." ती उठली. दोन्ही ग्लास बाकावर तसेच राहिले.

त्यानं शेवटाकडून सुरुवात केली. अलीकडचे लेख आधी, मग त्यामागचे. पाओ-चू रोज जेवणाच्या सुट्टीत त्या लांब पत्त्यावर जाऊन बघायची. काल जिथं 'बायको' होतं तिथं आज 'श्यू पाओ-चू'. पहिला आठवडा ती अगदी मिटक्या मारत बघत होती. प्रतिक्रियांत लोक विचारायला लागले, या श्यू पाओ-चू कोण? एकीनं लिहिलं, म्हणजे पेपरातल्या बाई ती बायको नव्हेतच? यी-चुननं त्या प्रतिक्रिया पुसल्या. पाओ-चूला पुसलेल्याही आवडल्या.

मधे एकदा वन-लुंगचा फोन आला. "मान आखडलीये. डोळ्यांतून पाणी येतं."

"नंबर लावून ठेवू?"

त्यानं फोन ठेवला आणि काम चालू ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात मिटक्या कमी झाल्या. आता तो जुन्या लेखांपर्यंत पोचला होता. पपनसाच्या बागेत स्कूटर बंद पडली होती तो लेख. जिथल्या एका म्हातारीनं दोघांना पोर व्हावं म्हणून झाडाला लाल फडकं बांधायला लावलं होतं, तो लेख. आत सगळीकडं 'आम्ही' होतं, आणि खाली आडनावासकट एक नाव. पाओ-चूनं ते वाचलं आणि डबा बंद केला. आपण मागितलं तेच मिळतंय, असं तिनं स्वतःला बजावलं. त्यात खोटं काही नव्हतं.

रविवारी ती वन-लुंगच्या आईकडं गेली. वन-लुंगनं आदल्या दिवशी निरोप दिला होता, सगळं झालं, आता सुरू कर. पाटीवरचं ब्लॉगचं चिन्ह पुन्हा चालतंय की नाही ते तिथंच बघायचं होतं. म्हातारीनं शेंगदाण्याचं गोड सूप केलं होतं आणि चष्मा लावून ती वाट बघत बसली होती. पाओ-चूनं आधी लांब पत्त्यावरून ब्लॉग उघडून दिला.

म्हातारीनं बोटानं पानं वर सरकवली. "श्यू पाओ-चू," तिनं वाचलं. पुढच्या पानावर परत वाचलं. "छान दिसतंय. पण स्टुडिओतून पैसे देऊन बोलावलेली बाई वाटते गं कुणीतरी. आमच्या घरातली नाही वाटत."

"मला तेच हवं होतं, आई."

"हवं होतं तर तोंड का पाडून बसलीस?"

पाओ-चूनं पाटी आपल्याकडं ओढली आणि लेख तपासायला घेतले, अगदी कडक मास्तरीण तपासते तसे. सूप निवलं. म्हातारीला डुलकी लागली आणि मोडली. पाओ-चू मागं मागं गेली, पहिल्या वर्षापर्यंत.

मिनश्युंग गावच्या देवळामागचा कापूरवृक्ष. त्या झाडापाशी ती दोघं दिवसभर थांबली होती, कारण वन-लुंगला तिथून हलावंसंच वाटत नव्हतं. पुढं वादळात ते उन्मळून पडलं. फोटोत दुपारचं ऊन होतं आणि बुंध्यावर पाओ-चूची सावली पडली होती, दोन्ही कोपरं वर केलेली, कॅमेरा डोळ्याला लावलेली. तेव्हा ती बारीक होती. खालची ओळ वन-लुंगच्या नजरेतून सुटली होती. किंवा सुटली नव्हती, त्यानं सोडली होती, हे तिला सांगता आलं नसतं. 'छायाचित्र: बायको'.

ठरलं होतं की एकही राहता कामा नये. तिनं सांगितलं असतं तर त्याला पुन्हा बसून तेही बदलावं लागलं असतं.

तेवढ्यात म्हातारीचा फोन वाजला. तिनं उचलला.

"तोच आहे," ती म्हणाली आणि फोनवर हात ठेवला. "विचारतोय, सगळं तपासलंस का, एखादं राहिलंय का. राहिलं असेल तर आत्ता लगेच बदलतो म्हणतोय."

पाओ-चूनं ते पान मिटलं. आपल्या फोनवर पत्त्याचं खातं उघडून तिनं तो ब्लॉगला परत जोडला. जोडायला तोडण्याइतकाच वेळ लागला.

"नाही राहिलं, आई. सगळी झाली."

"काही राहिलं नाही म्हणते," म्हातारीनं मुलाला सांगितलं.