उतरायचा राहिलेला माल

मित्रांनो, बेलापुरात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला चिंचेखाली एक निळा टेम्पो उभा दिसला, तर तो मीच. माझ्या टपावर पाला साठलाय, मागच्या चाकात हवा नाही आणि कोंबड्यांनी केबिनमध्ये संसार थाटलाय. हसू नका. एके काळी माझ्या फाळक्यावरून, म्हणजे मागच्या पाडायच्या फळीवरून, मोठमोठी भाषणं झालेली आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता सांगाडा होतो. श्रीरामपूरच्या सुतारांनी माझ्यावर लाकडी हौदा चढवला, रंगाऱ्याने काचेवर ‘जय भीम’ लिहिलं आणि भीमराजने मला घरी आणलं. त्याची बायको भामाबाई हिने त्या दिवशी मला न्हाऊ घातलं. तान्ह्या पोरालाही कोणी इतक्या मायेने न्हाऊ घालत नसेल.

काम कष्टाचं, पण मानाचं होतं. सकाळी मजूर बायकांना खळ्यावर सोडायचं आणि मग मळ्यांतून कांद्याच्या गोण्या भरून आणायच्या. खळं म्हणजे व्यापाऱ्याची कांदा निवडायची शेड. भामाबाईही तिथेच कांदा निवडत असे. एका फेरीत शेतकऱ्याचं दुखणं भीमराजच्या कानावर पडे, दुसऱ्या फेरीत बायकांचं. दोन्ही ऐकता ऐकता तो पुढारी होऊन बसला. मात्र ड्रायव्हरकी सुटली नाही. भरलेला माल पोचता केल्याशिवाय तो भाकरीला हात लावत नसे, आणि वाटेत गोणी गायब करणाऱ्यांचा त्याला भारी तिटकारा होता.

सरकारने निर्यात बंद केली की खळी ओस पडत. बायका घरी बसत आणि मी झाडाखाली. निर्यात सुरू झाली की गोण्यांच्या वजनाने माझ्या चाकांवरचे पाटे वाकत, पण बायकांची मजुरी होती तिथेच राही. म्हणून आठवडेबाजारात भीमराज माझा फाळका पाडून त्यावर उभा राही आणि एकच भाषण करी.

“कांद्याला परदेशाची वाट मोकळी करा! आन ज्या दिशी वाट मोकळी हुईल, त्याच दिशी निवडनारीची मजुरी वाढवा. दोन्ही एकाच गाडीतला माल हाय!”

पहिल्या वाक्याला शेतकरी टाळ्या वाजवत, दुसऱ्याला बायका. सगळ्यांनी मिळून टाळी वाजवली असं मात्र कधी घडलं नाही.

आबासाहेब नावाचे मोठे बागायतदार वैतागून म्हणत, “भीमराज, निर्यातीचं बोल की. मजुरीचं शेपूट कशाला लावतो?”

“शेपूट न्हाई, आबासाहेब. मागलं चाक हाय त्ये.”

बायकांतली मनकर्णाही त्याला सोडत नसे. “समदा कांदा भाईर गेला तर आमी कोरड्यास कशाचं करायचं?”

“खळं बंद पडलं तर चुलीवर काय ठेवशील, मनकर्णाबाई?” भीमराज विचारी, आणि ती पदर तोंडाला लावी.

जिल्हा परिषदेला तो दर खेपेला उभा राहिला आणि दर खेपेला पडला. भीमराजचा टेम्पो नगरला निघतो आणि खळ्यावर पोचतो, अशी गावात थट्टा होई. मला राग यायचा. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांना घेऊन कामावर निघायचा.

मग एका उन्हाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. भामाबाईने माझं दार लावून टाकलं. ती माझ्याकडे बघतही नसे, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

त्यांची मुलगी यशोधरा अर्थशास्त्र शिकून कॉलेजात शिकवू लागली होती. वडिलांना ती दादा म्हणे. गेल्या निवडणुकीत एका मोठ्या पक्षाने तिला उमेदवारी दिली. दादांचं शेवटचं भाषण तिच्या मोबाईलवर होतं. तिने मला दुरुस्त केलं, रंगवलं, टपावर भोंगे बसवले. मालकाचा आवाज पुन्हा घेऊन फिरायचं या आनंदात मी पहिल्याच किल्लीला सुरू झालो.

तो आनंद पेठेपर्यंतच टिकला. पक्षाच्या लोकांनी भाषण मधोमध तोडलं होतं. मार्केटकडे निर्यातीचं वाक्य वाजवायचं आणि मजुरांच्या वस्तीत मजुरीचं. उरलेल्या जागी हलगी.

खळ्यासमोरून जाताना भोंगा गरजला, “कांद्याला परदेशाची वाट मोकळी करा!” आत भामाबाईचा हात थांबला. हातातला कांदा तसाच धरून ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. हलगी वाजली. तशी ती उठली आणि रस्त्यात येऊन माझ्यापुढे उभी राहिली.

“यशे, त्येंचं बोलनं कुनी तोडलं?”

केबिनमधून यशोधरा खाली उतरली. “आई, पुरं वाजवलं तर आबासाहेबांची माणसं उठून जातात. सगळं बोलून दादा दर वेळी पडलेच ना? आधी निवडून येऊ दे. मग मजुरीचं मीच बघते.”

“पडले, पन घरी आख्खे आले,” भामाबाई म्हणाली. “तू निवडून येशील बाई, पन माझा मानूस आर्धाच आनशील.”

ती बाजूला झाली. यशोधरा केबिनमध्ये चढली. हलगी पुन्हा सुरू झाली.

यशोधरा निवडून आली. माझ्यावर गुलाल पडला. भामाबाईने ओल्या फडक्याने फाळक्यावरचा तेवढा गुलाल पुसून काढला आणि बाकीचा तसाच ठेवला.

कांद्याची वाट मोकळी झाली, खळी भरली, आणि बायकांनी मजुरीचा प्रश्न काढला. यशोधराने शेतकरी, व्यापारी आणि बायका यांना खळ्यावर एकत्र बसवलं. मी दारातच उभा होतो.

मनकर्णा म्हणाली, “वस्तीत भोंग्यावर तुमी वाढीव मजुरी बोलला हुता.”

आबासाहेब शांतपणे म्हणाले, “आमच्याकडं तर आसं कायबी वाजलं न्हाई. आमी मत दिलं ते निर्यातीला.”

खोटं कोणीच बोलत नव्हतं. यशोधराने दोघांकडे पाहिलं आणि बैठक उठवली. मजुरी तीच राहिली.

संध्याकाळी मायलेकी माझ्या फाळक्यावर बसल्या. भामाबाई रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “त्येंचं म्होरलं बोलनं तुला येतं ना?”

यशोधराने ते म्हटलं, अगदी दादांच्या बोलीत. “आन ज्या दिशी वाट मोकळी हुईल, त्याच दिशी निवडनारीची मजुरी वाढवा.” ऐकायला आई होती आणि मी होतो. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते जेवायला घरी गेले होते.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी या चिंचेखालीच उभा आहे. माझ्या चाकात हवा भरा, कोंबड्या हुसका, एवढं केलंत तरी माझं भागेल. पण उद्या गेलेल्या माणसाचा शब्द तुमच्या गाडीत आला, तर तो अर्ध्या वाटेत उतरवू नका. माझ्या हौद्यात भीमराजचं एक वाक्य अजून पडून आहे. माल भरलेला आहे, मालक नाही, आणि मला स्वतःहून चालता येत नाही.