मेहबूब टेलरचं कार्ड

कोर्टाच्या माणसाने मेहबूब टेलरच्या शटरवर समन्स चिकटवलं ते भर दुपारी, जुन्नरच्या अख्ख्या पेठेसमोर. शाळेतून येणाऱ्या रूहीने ते वाचलं आणि ती तशीच अब्बांकडे धावली.

"अब्बा, बँकेने केस टाकलीय?"

"हळू बोल की! माईक लावलाय का तुला?"

आधी तीनदा कोर्टाचं रजिस्टर पत्र आलं होतं. तिन्ही वेळा अब्बांनी ते घ्यायला नकार दिला आणि पोस्टाच्या गेणभाऊंनी तसंच लिहून परत नेलं. पत्र हातात घेतलंच नाही तर केस उभीच राहत नाही, असा सगळ्या पेठेचा पक्का समज!

"कुणी सांगितलं तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी ऑफिसात वकील हर्षालीताईंनी कपाळाला हात लावला. "नाकारलं म्हणजे मिळालं, असंच कोर्ट धरतं. आता तारीख चुकली तर एकतर्फी निकाल."

पावणेपाच लाख, व्याजासकट. आणि त्यातून अब्बांनी स्वतःला एक चप्पलसुद्धा घेतली नव्हती. गल्लीत क्रेडिट कार्ड एकट्या त्यांच्याकडे. सेल लागला की मंडळी हजर. "मेहबूबभाई, तेवढं कार्ड मारा की राव, हप्ता मी देतो." पहिले दोन हप्ते यायचे. मग नुसता लांबूनच सलाम यायचा.

"बँकेशी बोलून हप्ते बांधून घ्यायचे का?" ताईंनी विचारलं.

"एकदा बांधले व्हते. न्हाई झेपले."

"मग नादारीचा अर्ज, कर्ज फेडायची ऐपत नाही म्हणून. शिलाई मशीनला कुणी हात लावणार नाही, ते तुमचं पोटाचं हत्यार. पण अर्जात सगळं उघडं करायचं. काय आहे, किती देणं आहे, आणि तुमचं कुणाकडे येणं आहे. त्यांनाही कोर्टाचा कागद जाईल."

"येणं कुणाकडंच नाय," अब्बा म्हणाले.

रूहीला राहवलंच नाही. गेल्याच महिन्यात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला गप्प बसणं म्हणजे शिक्षाच वाटायची. "आहे ना ताई! रामदासकाकांचा फ्रीज. सावळेरामकाकांचा टीव्ही. रिजवानचाचांचे दोन मोबाईल. आणि अनिसाफुप्पीचं वॉशिंग मशीन."

"रूही!"

अब्बा इतके मोठ्याने ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. ताईंचं पेन थांबलं. "खरंय का हे, मेहबूबभाई? एक नाव दडवलंत आणि बँकेच्या वकिलाने ते बाहेर काढलं, तर अर्ज गेलाच म्हणून समजा."

"बाकीची लिव्हा. बहिणीचं नको." अब्बांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंचरला दिलीय ती. सासरच्यांना वाटतंय, मशीन भावानं दिलंय. लई मिरवलंय तिनं ते. हप्ते ती गुपचूप शिकवणीच्या पैशातून द्यायची, मग तिच्या शिकवण्या बंद पडल्या. कोर्टाचा कागद तिच्या दारात गेला तर सासू तिला जगू देईल का?"

हे रूहीला ठाऊकच नव्हतं. एवढा वेळ तिला वाटत होतं, आपण अब्बांना वाचवतोय.

अब्बा अंगठ्याच्या नखाने बोटावरच्या सुईच्या जुन्या खुणा खरवडत बसले. मग म्हणाले, "लिव्हा."

सही करून दोघं खाली आले. रस्त्यावर अब्बांनी फोन काढून अनिसाफुप्पीला लावला. कागद पोचायच्या आधी तिला कळायला हवं होतं.

"भाईजान! आज बरी आठवण आली?" फुप्पीचा हसरा आवाज फोनबाहेर रूहीपर्यंत आला. मागे वॉशिंग मशीन घुर्रघुर्र करत होतं. "सासूबाई, भाईजानचा फोन हाय! तुमी पण बोला."

अब्बांचा फोन धरलेला हात खाली खाली यायला लागला.

रूहीने तो फोन घेतला.

"फुप्पी, मी रूही. सासूबाईंकडे देऊ नकोस. तू एकटी गच्चीवर जा आधी. कोर्टात तुझं नाव गेलंय. अब्बा नको म्हणत होते. मी सांगितलं."

पलीकडे चपलांचा आवाज जिना चढायला लागला.