ज्वारीच्या शेतात गेलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, साठ मिनिटांची. दुकानात कोरी पडले होते तोवर माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं. १९९४ साली निर्णा गावच्या गुंडाप्पा धनगरांनी माझ्यापुढे बसून ओव्या म्हटल्या. प्रत्येक ओळीआधी ते मोठ्याने दम घ्यायचे आणि मागे त्यांची मेंढरं ओरडायची. ते सगळं मी जसंच्या तसं टिपून घेतलं.

दोन वर्षांनी गुंडाप्पा वारले. त्यानंतर दर रविवारी त्यांची बायको म्हाळसाबाई मला लावायची. वाजून वाजून माझी फीत झिजली, खरखर वाढली. ओव्या एक दिवस पुसून जातील, अशी भीती तिचा मुलगा महांतेश याला वाटू लागली. म्हणून २००७ साली त्याने तालुक्याच्या एका दुकानातून माझ्यावरून सीडी करून आणली. आवाज लख्ख होता, खरखर नावालाही नव्हती. खरं सांगते, मला हेवा वाटला. शिवाय ती वाजवल्याने झिजतही नाही म्हणे.

आमच्याकडे जुन्या कॅसेटची फीत शेतात ताणून बांधतात. वाऱ्यावर ती गुणगुणते, चमकते, मग पाखरं ज्वारीवर उतरत नाहीत. सीडी घरात ठेवून महांतेश मला खिशात घालून शेतावर गेला. त्याने माझी दोन हात फीत ओढून खुंट्याला बांधली. 

तेवढ्यात म्हाळसाबाई धापा टाकत बांधावर आली. तिने घरी सीडी ऐकली होती.

“थांब रे महांतेश,” ती म्हणाली. “सीडीत गाणं हाय, पर तुजे अप्पा दम घेईनात. मेंढरंबी न्हाईत. ते समदं ह्या कॅसेटीतच हाय.”

महांतेश खाली बघत म्हणाला, “खरखर काढा म्हणून मीच सांगितलो, अव्वा. त्यासंगं दमबी गेला असंल.”

त्याने खुंट्याची गाठ सोडली आणि माझ्या चाकात बाभळीची काडी घालून फीत हळूहळू आत गुंडाळली. घरी येऊन मला लावलं. चुरगळलेल्या भागात रेकॉर्ड करणाऱ्या रविकुमारचं “चालू झालं काय, चालू झालं काय” एवढंच होतं. ओव्या शाबूत होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात दुसरी सीडी झाली, खरखरीसकट. ती लावली, तेव्हा म्हाळसाबाई भिंतीला टेकून बसली होती. पहिल्या ओळीआधी गुंडाप्पांनी दम घेतला, तेव्हा कुठे तिने आपला श्वास सोडला.

मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त जुनं टाकण्याआधी, ज्याचं माणूस त्यात आहे, त्याला ते नवं एकदा ऐकवा.