पानांच्या बुडाशी काय आहे

आमच्या कामाची रीत साधी होती. मी विचारायचं, धम्मदीपनं भिंगातून पाहायचं आणि हो की नाही ते सांगायचं. झाडाची ओळख अशीच पटते, एकेक प्रश्न विचारत. एक उत्तर चुकलं की माणूस भलत्याच घरात शिरतो.

आधी मीच पाहायचे. मग डोळ्यांच्या पडद्यांना सूज आली आणि जवळचं बारीक सगळं ताकात बुडाल्यासारखं दिसू लागलं. वनस्पतिशास्त्राची बाई आणि तिला पाकळ्या मोजता येत नाहीत! मी सगळं सोडून घरी बसायच्या बेतात होते. तेव्हा एमएस्सीपासूनचा मित्र धम्मदीप आर्वीहून एसटीनं आला. म्हणाला, "दीपा, प्रश्न तं तुले तोंडपाठ हायेत ना? तू विचारजो, मी पाह्यतो." त्या दिवशी मी त्याच्यासमोर रडले होते. आता त्या रडण्याचाही मला राग येतो.

फेब्रुवारीत पवनारला धाम नदीचं पाणी उतरलं होतं. वाळूत माझ्या चपलेखाली काहीतरी मऊ लागलं. खाली बसून हात फिरवला. जमिनीला चिकटून पसरलेलं झाड, ताटाएवढी चटईच. फुगीर पेरं, समोरासमोर पानं. पुष्पगुच्छातल्या कार्नेशनचं कुळ बोटांनाच कळलं. त्या कुळातलं असं वाळूतलं झाड आमच्या जिल्ह्यातून कोणी नोंदवलेलं नव्हतं. आणि ज्याला पहिल्यांदा सापडलं, त्याचं नाव नोंदीला लागतं. एक तरी नोंद माझ्या नावावर व्हावी, एवढीच माझी हाव होती. धम्मदीपला ती पुरती ठाऊक होती.

आकार कळावा म्हणून मी नेहमीसारखी केसांतली हिरवी क्लिप शेजारी ठेवली. त्यानं फोटो काढला, भिंग डोळ्याला लावलं.

"पानांच्या बुडाशी कागदी पापुद्रे हायेत का?" मी विचारलं. सगळं यावरच होतं. पापुद्रे असले तर माझं झाड. नसले तर झरस, कुठल्याही गटाराकाठी उगवणारी.

त्यानं भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं. "नाई."

"नीट पाह्य."

"पाहूनच राह्यलो ना. नाई हायेत. झरस हाय, चाल, बस चुकन."

मी वाळू झटकून उठले. "एवढी म्हातारी झाली मी, झरसही ओळखू येत नाई," म्हणून हसले. तोही हसला.

एप्रिलमध्ये वर्ध्याला वनस्पती-अभ्यासकांचं संमेलन भरलं. धम्मदीपचं भाषण होतं, म्हणून मी पहिल्या रांगेत बसले, टाळ्या वाजवायला. जिल्ह्यातली पहिली नोंद, असं म्हणून त्यानं पडद्यावर चित्र लावलं. भिंतीएवढं असलं की मला स्वच्छ दिसतं. पानापानाच्या बुडाशी चांदीसारखे पापुद्रे चमकत होते आणि कडेला माझी हिरवी क्लिप पडलेली होती. मेल्यानं ती कापायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. मला काय दिसणार, अशी खात्री असेल. खाली शोधणाऱ्याचं नाव एकच होतं, त्याचं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. अंगाची लाही होत होती, पण आवाज वर्गातला लावला. "पानांच्या बुडाशी पापुद्रे आहेत का?"

लोकांना वाटलं, बाई फार अभ्यासू आहेत. त्यानं मान खाली घातली. "हो. आहेत, मॅडम."

मॅडम म्हणाला मला!

चहाच्या वेळी तो व्हरांड्यात माझ्यामागे आला. "मलेच समजत नाई, काऊन केलं मी असं. तोंडातून नाई निंगालं, मंग वापस घेता नाई आलं. मी तुयं नाव टाकतो, दीपा."

नाव घेऊन आता काय करू? माझं कपाट दाबून वाळवलेल्या झाडांनी भरलं होतं. डोळे गेल्यापासूनच्या प्रत्येकाची ओळख मी माझ्या सहीनिशी पक्की केली होती, आणि ती सगळी त्याच्या हो-नाहीवर उभी होती. मी विद्यार्थ्यांना तीच शिकवत होते.

"बाकीच्यायचं काय?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. चेहरा उतरला. "बाकी समदं खरं सांगतलं. आईची शपथ, दीपा."

"हे बी तूच पाहून सांगून राह्यला," मी म्हटलं. "मले कुठं दिसते?"